पहिला अचूक स्क्रू कसा तयार झाला? एक बिघडलेलं रीळ आणि हेन्री मॉडस्ली

गेल्या दिवाळीत रत्नागिरीला घरी गेलो, तेव्हा माझं रीळ बाबांच्या हातात पडलं आणि पुढचे दोन तास ते मला परत मिळालं नाही.

रीळ म्हणजे मासे गरवायच्या काठीला लावतात ते, हँडल फिरवून तंगूस गुंडाळायचं यंत्र. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलं होतं, स्वस्तात. जाहिरातीत बारा बेअरिंग, मेटल गिअर, सगळं काही होतं. पहिला मोसम बरा गेला. दुसऱ्या मोसमात हँडल डगडगायला लागलं, फिरवताना आतून खडीवरून सायकल चालवल्यासारखं वाटायचं. आणि एका संध्याकाळी जेटीवर चांगली अडीच किलोची तांबोशी लागलेली असताना गिअर घसरला. तंगूस सैल पडली, मासा गेला.

बाबा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होते. त्यांनी वर्तमानपत्र पसरून रीळ उघडलं, मोठा गिअर अंगठ्यावर फिरवून पाहिला आणि निकाल दिला, की हा कापलेला नाही, ओतलेला आहे.

या एका वाक्यात रिळाच्या क्वालिटीची अर्धी गोष्ट येते. हँडल फिरलं की मोठा गिअर फिरतो, तो छोट्या पिनियनला फिरवतो आणि पिनियनबरोबर पुढचा रोटर फिरून तंगूस स्पूलवर गुंडाळली जाते. हँडलच्या एका फेऱ्याला रोटरचे साधारण पाच फेरे. म्हणजे मासा ओढतो तेव्हा सगळा ताण या दोन गिअरच्या दातांवर. स्वस्त रिळात मोठा गिअर जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. चारशेएक डिग्रीला पातळ केलेलं जस्त दाबाने पोलादी साच्यात सोडायचं, काही सेकंदांत दातांसकट गिअर बाहेर. झटपट आणि स्वस्त. पण धातू थंड होताना आकसतो, आत हवेचे बारीक बुडबुडे राहतात आणि दातांना साचा देईल तेवढंच फिनिश मिळतं. महाग रिळात हाच गिअर पितळेचा किंवा कणखर ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असतो, आणि दात एकतर मशीनवर कापलेले असतात किंवा थंड धातूवर प्रचंड दाब देऊन घडवलेले. घडीव धातूत पोकळी राहत नाही. कापलेल्या दाताचा आकार कटरइतका अचूक येतो.

मी म्हटलं, म्हणजे पितळेचा गिअर टाकला की झालं. बाबांनी मान हलवली. रिळाची बॉडी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि हँडलचा शाफ्ट जिथून जातो ते भोक दाखवलं. लंबगोल झालं होतं. बॉडीची एक बाजू नायलॉनची, त्यात भोक साच्यातूनच आलेलं, वरून मशीनचा हात लागलेला नाही. शाफ्ट मुळातच किंचित तिरका बसलेला. ताण आला की बॉडी वाकते, गिअर पिनियनपासून लांब सरकतो, दात फक्त टोकाला भिडतात. सोन्याचा गिअर बसवला तरी तो इथे झिजेल, आणि हलणाऱ्या घरात बसवलेली बारा बेअरिंग चांगल्या बसवलेल्या तिनांपुढे फुकट, असं त्यांचं म्हणणं.

मग ते सहज बोलून गेले, की भोक सरळ पाडायचं तर मशीन सरळ हवं, आणि लेथ किती खरं ते त्याच्या लीड स्क्रूवर. मी विचारलं, लीड स्क्रू कशावर बनवतात? दुसऱ्या लेथवर. आणि त्या लेथचा? बाबा हसले. मेकॅनिकलची डिग्री तुझ्याकडे आहे, तू सांग.

मला सांगता आलं नाही. मेकॅनिकल करून सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या लाखोंपैकी मी एक. आमच्यात याच जातीचा एक कोडं असतं: पहिला कंपायलर कोणत्या कंपायलरने कंपाइल केला? त्याचं उत्तर मला पाठ आहे. स्क्रूचं नव्हतं. पुण्याला परत आल्यावर शोधत गेलो आणि एका माणसाच्या आयुष्यात अडकलो. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात त्याच्यावर जेमतेम एक ओळ होती.

दारूगोळ्याच्या कोठारातला पोरगा

हेन्री मॉडस्लीचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ चा, लंडनजवळ थेम्सकाठच्या वूलिचमधला. वूलिच म्हणजे ब्रिटिश लष्कराचं शस्त्रागार. वडील लष्करात होते, जखमी झाल्यावर तिथेच कोठाराच्या कामावर लागले. हेन्री बारा वर्षांचा झाला आणि तोही कामाला लागला, काडतुसांत दारू भरायला. हे काम लहान मुलांकडूनच करून घेत. दोनेक वर्षांनी त्याला सुतारशाळेत टाकलं. तिथे मन रमेना, सारखा शेजारच्या लोहारशाळेत जाऊन उभा राहायचा. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला भट्टीवर पाठवलं. कारखान्याच्या भंगार लोखंडातून तो साहेबांची नजर चुकवून शेगडीवर ठेवायच्या तिवया बनवायचा, आणि त्या पाहायला जुनेजाणते लोहार यायचे, असं त्याचे चरित्रकार सांगतात. कारखान्याच्या वेळेत घरचं काम करायची रीत किती जुनी आहे बघा!

१७८९ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामाला एक कुशल कारागीर हवा होता. ब्रामाने एक नवीन कुलूप शोधून पेटंट घेतलं होतं. चावी आत दाबली की त्यातल्या बारीक पट्ट्या वेगवेगळ्या खोलीवर सरकायच्या, आणि सगळ्या एकदम बरोबर जागी आल्या तरच कुलूप फिरायचं. कल्पना उत्तम होती. अडचण अशी, की पट्ट्यांच्या खाचा केसभर चुकल्या तर कुलूप एकतर उघडत नाही, नाहीतर चोरालाही उघडतं. कानशीने हाताने घासून ही अचूकता आणायची तर एकेक कुलूप इतकं महाग पडायचं की घेणार कोण?

कुणीतरी वूलिचच्या मॉडस्लीचं नाव सुचवलं. अठरा वर्षांचा पोरगा समोर उभा राहिला तेव्हा ब्रामा आणि त्याचा फोरमन दोघेही साशंक. त्या काळी सात वर्षं रीतसर उमेदवारी केल्याशिवाय कुणाला कारागीर म्हणत नसत. इथे व्हाइसची गोष्ट सांगतात. कोपऱ्यात एक झिजलेला, कामातून गेलेला व्हाइस पडला होता. संध्याकाळी सहाच्या आत हा दुरुस्त करून दाखवतो, मग मला ठेवा, असं मॉडस्लीने सांगितलं. त्याने जबड्यांवर पोलादाच्या नव्या पट्ट्या चढवल्या, त्यांवर पकडीच्या रेघा कापल्या आणि पट्ट्यांना पाणी देऊन त्या कडक केल्या. सहाच्या घंटेआधी काम पुरं.

वर्कशॉप केलेल्यांना यातली मेख कळेल. मऊ पोलादावर रेघा कापता येतात पण त्या टिकत नाहीत, आणि कडक पोलादावर कापताच येत नाहीत. म्हणून आधी कापायचं, मग तापवून विझवायचं. माल कोणता हा एक प्रश्न, त्यावर कोणती क्रिया कधी करायची हा दुसरा. हे दोन्ही त्याला अठराव्या वर्षी हातातून माहीत होतं.

ब्रामाच्या कुलपासाठी मॉडस्लीने उत्तर काढलं ते असं, की कारागीर अजून कुशल शोधायचा नाही, कौशल्य यंत्रात घालायचं. खाचा पाडायचं यंत्र, कुलपातल्या स्प्रिंगा गुंडाळायचं यंत्र, अशी एकेक कामाची यंत्रं त्याने बनवली. कुलपाची किंमत उतरली. १७९० च्या सुमारास त्याने बनवलेलं एक कुलूप ब्रामाच्या दुकानाच्या काचेत टांगलं गेलं, उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. ते १८५१ पर्यंत कुणाला उघडलं नाही. त्या वर्षी लंडनच्या जागतिक प्रदर्शनाला आलेल्या हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने ते उघडलं, आणि त्यालाही १६ दिवसांत मिळून ५० तासांहून जास्त लागले.

ब्रामाच्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये पाणी गळायचं. तिथे वाटीच्या आकाराचं चामड्याचं वॉशर बसवायची युक्तीही मॉडस्लीचीच मानतात. पाण्याचा दाब वाढेल तसं चामडं स्वतःच जास्त घट्ट बसतं. आजच्या हायड्रॉलिक सिलिंडरमधल्या सीलचं तत्त्व हेच, फक्त चामड्याच्या जागी रबर आलं.

मॉडस्ली आता कारखान्याचा मुख्य होता. ब्रामाच्या घरी कामाला असलेल्या सारा टिंडेलशी त्याचं १७९१ मध्ये लग्न झालं, मुलं झाली, पगार आठवड्याला ३० शिलिंग. १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने नाही म्हटलं. मॉडस्लीने नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ छोटं दुकान भाड्याने घेतलं. अप्रेझलच्या मीटिंगमधून बाहेर पडताना हे कितीदा तरी मनात येऊन गेलंय. मी अजून आहे तिथेच आहे, हा भाग वेगळा.

स्क्रूपासून स्क्रू

त्या काळचा लेथ डोळ्यांसमोर आणा. लाकडी सांगाडा, आणि कापायचं हत्यार कारागिराच्या हातात. जॉब फिरतोय, माणूस एका टेकूवर हत्यार दाबून धरतोय. लाकडाला हे चालतं. लोखंड हिसके देतं, हात दमतो, एका टोकाला व्यास वेगळा तर दुसऱ्या टोकाला वेगळा. आटे पाडायचे तर त्याहून कठीण: जॉब ज्या वेगाने फिरतो त्याच प्रमाणात हत्यार पुढे सरकवत राहायचं, तेही हाताने.

हत्यार यंत्रात पकडून सरकवायची कल्पना मॉडस्लीची नाही. त्याच्या आधी युरोपात काहींनी ती केली होती, घड्याळं आणि वैज्ञानिक उपकरणं बनवणाऱ्यांकडे आटे पाडायची छोटी यंत्रंही होती. मॉडस्लीने १८०० च्या आसपास हे सगळं एका यंत्रात आणलं. पूर्ण धातूचा लेथ, जो वाकत नाही. सपाट, सरळ पट्ट्यांवर सरकणारी गाडी, तिच्यात घट्ट पकडलेलं हत्यार. ती गाडी ओढणारा लांब लीड स्क्रू. आणि जॉब व लीड स्क्रू यांना जोडणारे बदलता येणारे गिअर. गिअर बदलला की त्याच लीड स्क्रूवरून वेगळ्या मापाचे आटे निघतात. बाबा तीस वर्षं ज्या लेथवर उभे राहिले त्याचा नकाशा हाच.

आता बाबांचा प्रश्न. पहिला लीड स्क्रू आला कुठून?

मॉडस्लीने मऊ मालापासून सुरुवात केली. लाकूड, कथील, पितळ अशा मऊ दांड्या फिरवायच्या आणि त्यांवर चंद्रकोरीसारखी एक सुरी ठरावीक कोनात तिरकी दाबायची. सुरी मालात रुतते आणि तिरकी असल्यामुळे स्वतःच दांडीवरून पुढे सरकत जाते. मागे राहते ती आट्याची रेघ. सुरीचा कोन जितका नेमका बसवाल तितका आटा नेमका. अशा बऱ्याच दांड्या करायच्या, त्यांतली सर्वांत चांगली निवडायची, तिच्यावरून पोलादी स्क्रू कापायचा. तो लेथला लावायचा, त्याच्यावरून आणखी बरा. नटाचे आटे लांब ठेवले की तो एकाच वेळी स्क्रूच्या पुष्कळ आट्यांना धरतो आणि एखाद्या आट्याची चूक बाकीच्यांत विरते. प्रत्येक फेरीत चूक थोडी कमी. आमच्याकडे कंपायलरचंही असंच होतं. पहिला अगदी ओबडधोबड, हाताने लिहिलेला, मग त्याच्यावर दुसरा.

या वाटेने तो कुठवर गेला? त्याच्या कारखान्यात पाच फूट लांबीचा एक स्क्रू झाला, इंचाला ५० आटे. त्याचा नट एक फूट लांब, म्हणजे आत ६०० आटे. खगोलशास्त्राच्या उपकरणांवर मापाच्या रेघा आखण्यासाठी तो होता.

आपल्याला आज कळत नाही की याआधी नट-बोल्ट म्हणजे काय प्रकार होता. प्रत्येक बोल्टाचा नट त्याचा त्याचाच. यंत्र खोलताना जोड्या विस्कटल्या की गेलं. मासे गरवायच्या रिळांतही याचा पुरावा सापडतो. मॉडस्ली लंडनमध्ये काम करत होता त्याच सुमारास अमेरिकेत केंटकीमध्ये जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने स्वतःसाठी गिअरचं रीळ बनवलं, आणि त्याच्या मागून मीक, मायलम यांच्यासारख्या तिथल्या कारागिरांनी ती कला पुढे नेली. पितळेची, जर्मन सिल्व्हरची ही रिळं आज संग्राहक जपून ठेवतात. त्यांत पुष्कळ ठिकाणी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि त्याच्या भोकाशेजारी सारखीच खूण किंवा आकडा कोरलेला असतो. तीन नंबरचा स्क्रू तीन नंबरच्याच भोकात. घडणावळ देखणी, माल अव्वल, पण स्क्रू हरवला तर परत त्याच कारागिराकडे जा. मॉडस्लीने आपल्या कारखान्यापुरती आट्यांची मापं ठरवून टाकली होती, कुठलाही बोल्ट त्या मापाच्या कुठल्याही नटात बसायचा.

कप्प्या

मॉडस्लीच्या दुकानाच्या काचेत एक स्क्रू मांडलेला असायचा. तो पाहून एका फ्रेंच गृहस्थाने आपल्या मित्राला तिकडे पाठवलं, असं सांगतात. तो मित्र म्हणजे मार्क ब्रुनेल, क्रांतीतून पळून अमेरिकामार्गे इंग्लंडला आलेला इंजिनिअर. ब्रुनेलने यंत्रांची चित्रं आणली होती. ती यंत्रं कशासाठी हे त्याने सांगितलं नाही, पण काही चित्रं पाहिल्यावर मॉडस्लीने ओळखलं की ही जहाजाच्या कप्प्या बनवायची आहेत.

शिडाच्या जहाजाचा प्रत्येक दोर कप्पीवरून जातो. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला नऊशेच्या वर कप्प्या लागत, आणि नेपोलियनशी झुंजणाऱ्या ब्रिटिश आरमाराला वर्षाला एक लाख. कप्पी अडकली की शीड अडकतं, आणि लढाईत शीड अडकणं म्हणजे काय ते सांगायला नको. जरा विचार केला तर कप्पी ही रिळाची थोरली बहीण: दोर, चाक, मधला आस, आणि सगळा ताण त्या आसावर.

या कप्पीतला मालाचा हिशोब मला फार आवडला. बाहेरचं घर एल्मच्या लाकडाचं, कारण ते सहजासहजी चिरत नाही. आतलं चाक लिग्नम व्हायटी या कॅरिबियन झाडाचं. हे लाकूड पाण्यात बुडतं इतकं जड, आणि त्यात उपजतच तेलकट राळ असते, त्यामुळे चाकाला वेगळं वंगण फारसं लागत नाही. आस लोखंडाचा. पण लोखंडी आस सरळ लाकडावर फिरला तर भोक लंबगोल होणार. (माझं रीळ!) म्हणून चाकाच्या मधोमध घंटेच्या कांशाचं बुश. आणि हे बुश लाकडात सैल होऊन फिरू नये म्हणून ते गोल नाही, तीन पाकळ्यांचं. लाकडात त्याच तीन पाकळ्यांची खाच पाडायला एक स्वतंत्र यंत्र होतं. चार जागा, चार माल, आणि प्रत्येक माल त्या जागी का याला कारण आहे.

१८०२ पासून पुढची पाचसहा वर्षं मॉडस्ली पोर्ट्समथच्या गोदीसाठी ही यंत्रं बनवत होता. सुमारे ४५ यंत्रं, बावीसेक प्रकारची, वाफेवर चालणारी, धातूची. एक भोक पाडतं, दुसरं त्या भोकापासून खाच कोरतं, तिसरं दहा-दहा कप्प्या एका मोठ्या चाकावर बसवून त्यांना एकदम बाहेरून आकार देतं. एका यंत्राचं काम जिथे संपतं तिथून दुसऱ्याचं सुरू. १८०८ मध्ये तिथे १,३०,००० कप्प्या झाल्या. काही यंत्रं विसाव्या शतकात, १९६० च्या दशकापर्यंत वापरात होती. मॉडस्लीला या कामाचे बारा हजार पौंडांच्या आसपास मिळाले. आठवड्याला ३० शिलिंगवर अडलेल्या माणसाला!

या कारखान्याबद्दल प्रत्येक पुस्तकात एक आकडा येतो: ११० कुशल कारागिरांचं काम १० अकुशल माणसं करू लागली. मी तो मोठ्या उत्साहाने बाबांना फोनवर सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता. त्यांच्या शॉपमध्ये सीएनसी आलं तेव्हा सात टर्नर होते, दोन राहिले. बाबा त्या दोघांपैकी एक होते. बाकी पाच जण काय करतात ते त्यांना एकेकाचं माहीत आहे: एकाची रिक्षा, एक आंब्याच्या बागेत राखणीला, एक मुंबईला मुलाकडे. सीएनसीवरचा जॉब आपल्यापेक्षा सरस निघतो, हेही त्यांनीच मला सांगितलं. दोन्ही एकाच सुरात. ११० मधून १० वजा केले की जे उरतात ते मला त्या दिवसापर्यंत दिसलेच नव्हते.

सपाट म्हणजे किती सपाट

१८१० मध्ये मॉडस्लीने नदीपलीकडे लॅम्बेथला एक जुनी घोडेस्वारीची शाळा घेऊन मोठा कारखाना थाटला. पुढे जोशुआ फील्ड भागीदार झाला. वाफेची इंजिनं, मग बोटींची इंजिनं, ब्रुनेलच्या थेम्सखालच्या बोगद्यासाठी लोखंडी ढाल. इंजिनांची यादी मी सोडून देतो. त्या कारखान्यातल्या दोन वस्तू मला जास्त मोलाच्या वाटतात.

एक म्हणजे सरफेस प्लेट. धातूची अगदी सपाट केलेली पाटी, फिटरच्या बाकावर ठेवलेली. काम करताना जॉब त्यावर घासून पाहायचा, उंचवटे दिसतात, ते खरवडायचे, परत पाहायचं. सरळ म्हणजे काय, याचा वाद तोंडाने घालायचा नाही, पाटीवर ठेवून बघायचं. दुसरी वस्तू मॉडस्लीच्या स्वतःच्या बाकावरचा मायक्रोमीटर, १८०५ च्या सुमाराचा. इंचाचा दहा हजारावा भाग, म्हणजे अडीच मायक्रॉन, त्यावर वाचता यायचा. त्याला त्याने नाव दिलं होतं लॉर्ड चॅन्सलर, इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधीशाचं. मापावरून दोघांचा वाद झाला की निकाल तिथे लागायचा आणि त्यावर अपील नाही.

आणि हाताचं कौशल्य यंत्रात घालणाऱ्या या माणसाचा स्वतःचा हात कसा होता? कानस चालवण्यात त्याच्या तोडीचा माणूस कारखान्यात नव्हता असं त्याच्या हाताखाली शिकलेल्या जेम्स नॅस्मिथने लिहून ठेवलंय. हा नॅस्मिथ पुढे वाफेच्या हातोड्याचा जनक झाला. रिचर्ड रॉबर्ट्सही इथलाच, त्याने सूतगिरणीचं स्वयंचलित यंत्र केलं. जोसेफ व्हिटवर्थही इथे होता. मालकाने एका कारखान्यापुरते ठरवलेले आटे त्याने १८४१ मध्ये देशभरासाठी ठरवून दिले, आट्याचा कोन ५५ अंश. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात आजही बीएसडब्ल्यू म्हणून टॅप मिळतात, त्यातला डब्ल्यू व्हिटवर्थचा. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचा अख्खा संच आहे. मी लहानपणी त्यांची झाडं करून खेळायचो.

चौथं नाव जोसेफ क्लेमंट, मॉडस्लीकडचा मुख्य ड्राफ्ट्समन. इथे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी कान टवकारावेत. चार्ल्स बॅबेजला डिफरन्स इंजिन, म्हणजे दांड्या आणि दातेरी चाकांचं गणकयंत्र, बनवायचं होतं. काम क्लेमंटकडे आलं. एकसारखी हजारो चाकं हवी होती, आणि एकसारखं म्हणजे खरंच एकसारखं, नाहीतर हातचा पुढे जाणार नाही. क्लेमंटने ती बनवली. १८३२ मध्ये यंत्राचा एक भाग जुळवून चालवून दाखवला आणि तो उत्तम चालला. मग पैशांवरून दोघांचं बिनसलं आणि १८३३ मध्ये काम थांबलं ते कायमचं. सरकारचे १७,००० पौंड त्यात गेले होते. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की त्या काळी भाग पुरेसे अचूक बनत नव्हते म्हणून बॅबेजचं यंत्र झालं नाही. क्लेमंटने बनवलेला तो तुकडा पाहता हे पटत नाही. अचूकता मॉडस्लीच्या शाळेतून आली होती. ती हजारो भागांत आणायची तर तिला त्या काळी जे पैसे आणि वेळ लागत होते, ते परवडले नाहीत. बारा बेअरिंगवाल्या स्वस्त रिळाचंही तेच: सरळ भोक पाडता येत नाही असं नाही, त्या किमतीत पाडत नाहीत.

शेवटच्या वर्षांत मॉडस्लीला खगोलशास्त्राचा नाद लागला होता आणि मोठी दुर्बीण बनवायचं त्याच्या डोक्यात होतं. ते राहूनच गेलं. १८३१ च्या जानेवारीत तो आजारी मित्राला भेटायला फ्रान्सला गेला, परतताना खाडीवर थंडी बाधली, आणि १४ फेब्रुवारीला तो गेला. वय ५९. जिथे बारा वर्षांचा असताना काडतुसं भरली त्या वूलिचमध्येच त्याला पुरलं. कबरीवरचं स्मारक त्याने स्वतःच आखून ठेवलेलं होतं, दगडाचं नाही, बिडाचं ओतीव.

रिळाचं सांगायचं राहिलं. बाबांनी ओळखीच्या शॉपमध्ये जाऊन लेथवर पितळेचं बुश टर्न केलं. बॉडीतलं लंबगोल भोक मोठं आणि सरळ करून घेतलं आणि बुश दाबून बसवलं. नायलॉनमध्ये ते फिरू नये म्हणून त्याला बाहेरून तीन खाचा दिल्या. कप्पीच्या तीन पाकळ्यांचं मी त्यांना तोवर सांगितलेलं नव्हतं. हँडल आता डगडगत नाही. गिअर मात्र तोच आहे, जस्ताचा, दात झिजलेला, आणि त्याची घरघर अजून ऐकू येते. नवा पितळेचा कापून देणारा माणूस कोल्हापूरला उद्यमनगरात आहे असं बाबा म्हणतात. पण एका गिअरचे तो जितके मागतो तितक्यात तसलंच आणखी एक रीळ येतं.